दहावं नाव

९ फेब्रुवारी

प्रिय खारू,

मास्तरकाकांना तू घेऊन गेलीस त्याला तीन आठवडे झाले आणि मी आज पत्राला बसतेय. तू मनातल्या मनात मला काय म्हणत असशील ते इथं बसून ऐकू येतंय. फोन चार वेळा केला. पण फोनवर मला रडू येतं, आणि मग काकाच माझी समजूत काढायला लागतात. हात त्यांचा गेला आणि समजूत माझी. म्हणून कागद बरा.

सोबत त्यांचा चष्मा पाठवतेय. लाँड्रीतल्या इस्त्रीच्या रोलरच्या मागे सापडला. काच शाबूत आहे, एक काडी वाकडी झाली होती, ती बॉयलरवाल्याने सरळ केली. त्यांना सांग, हॉटेलच्या चादरी वेळेवर गेल्या. दवाखान्याचे अभ्रेही गेले. (खरं म्हणजे अभ्रे एक दिवस उशिरा गेले आणि त्यातले सहा दुसऱ्याच दवाखान्यात गेले. हे सांगू नकोस, ते तिथून चालत येतील.)

कसं झालं हे तू तेव्हा विचारलंस आणि मी धड बोलले नाही. चादर आत जाताना दुमडली, काकांनी ती सरळ करायला हात घातला आणि रोलरने चादरीबरोबर हातही ओढला. बॉयलरवाल्याने धावत जाऊन मशीन बंद केलं. एवढ्या पटकन झालं की कुणाला काही सुचलंच नाही.

ते नाहीत तर इथं सगळा आनंदच आहे. सकाळी मस्टर कुणी भरायचं यावरून रोज पंधरा मिनिटं जातात. एकतीस वर्षं ते काम काकांचं. आठच्या ठोक्याला खिडकीपाशी बसायचं, येईल त्याचं नाव, वेळ, आणि उशीर झाला असेल तर त्याच्याकडे एकदाच वर बघायचं. ते बघणंच माणसाला पुरायचं. आता घडीवाल्या मावशी मस्टर भरतात. त्यांच्या अक्षरात आमची नऊ माणसं मुंग्यांच्या रांगेसारखी दिसतात.

खोटं नाही सांगत, बाबा गेले तेव्हाही मला एवढं पोरकं वाटलं नव्हतं. तेव्हा काका होते ना.

त्यांच्या हाताचं नीट कळव. काही लपवू नकोस.

तुझी,
बटण


१८ फेब्रुवारी

प्रिय बटण,

चष्मा पोचला. अण्णांनी तो लावला आणि पहिल्यांदा तुझं पाकीट तपासलं, पत्ता सुवाच्य आहे का. पास झालीस.

लपवू नकोस म्हणालीस म्हणून सांगते. बारा वर्षं मी नर्स आहे, त्यामुळे हात रोज मीच सोडते आणि मीच बांधते. मधली तीन बोटं गेली. अंगठा आहे पण वळत नाही. करंगळी ठणठणीत आहे, पण ती एकटी बिचारी काय काय करणार? अण्णांना अजून वाटतं की एप्रिलपर्यंत ते खिडकीपाशी बसतील. मी नाही म्हणत नाही. रुग्णाशी खोटं बोलू नये असं आम्हाला शिकवलं होतं, बापाबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं.

डाव्या हाताने दाढी करायला गेले आणि अर्धी मिशी उडवली. उरलेली मी काढली. आता आरशासमोरून जाताना दचकतात. मला हसू येतं आणि मग मी स्वयंपाकघरात निघून जाते.

एक काम आहे. कामावर असताना अपघात झाला तर भरपाई मिळते, आणि पुढे दरमहा थोडं काही. आमच्या दवाखान्यातल्या कारकुनाने सांगितलं. मी एकटी कमावणारी, वर या हाताची पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणार आहे, म्हणून ते मिळालं तर जीव भांड्यात पडेल. त्यासाठी मालकाचा कागद लागतो. तुला लिहायचा कंटाळा हे मला ठाऊक आहे, तर मजकूर मीच देते, तू फक्त उतरव आणि शिक्का मार:

'हे गृहस्थ गेली एकतीस वर्षे आमच्या लाँड्रीत मुकादम म्हणून कामाला होते. कामावर असताना त्यांच्या उजव्या हातास अपघात झाला.'

बस, एवढंच. पाच मिनिटांचं काम.

तुझी,
खारू


६ मार्च

प्रिय खारू,

उशीर झाला, रागावू नकोस. आईचा गुडघा, मग बॉयलरची तपासणी, मग हॉटेलवाल्यांचा नवा माणूस, जो प्रत्येक टॉवेल उन्हात धरून बघतो. या सगळ्यात माझा पार भुगा झाला.

सोबत कागद आहे. तुझ्या मजकुरात थोडा बदल केलाय. तुझा फार कोरडा होता, काकांबद्दल असं पोलिसांच्या पंचनाम्यासारखं लिहायला माझा हात धजेना. मी असं लिहिलंय:

'हे गृहस्थ आमच्या घरातीलच एक आहेत. माझ्या वडिलांच्या हयातीपासून गेली एकतीस वर्षे ते आपुलकीने आमच्या लाँड्रीकडे लक्ष देत आले आहेत. माझ्या वडिलांच्या पश्चात ते मला वडिलांच्या जागी आहेत. लाँड्रीत आले असताना त्यांच्या हातास दुखापत झाली, याचे आम्हा सर्वांस अत्यंत दुःख आहे.'

त्यांना वाचून दाखव. मला खरंच असंच वाटतं, हे त्यांना कळू दे.

तुझी,
बटण


१५ मार्च

बटण,

वाचून दाखवला. तीनदा वाचायला लावला. तिसऱ्या वेळी डोळे मिटून ऐकत होते. मग तो कागद स्वतः घेऊन शेजारच्या पोस्टमास्तरांना दाखवून आले, परत आले आणि घडी घालून उशीखाली ठेवला. म्हणाले, "बघ, पोरीने 'वडिलांच्या जागी' लिहिलंय. शिक्का मारून लिहिलंय."

दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेले तेव्हा मी तो उशीखालून काढला आणि कामगार कार्यालयात नेला. तिथल्या कारकुनाने वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बाई, कागद फार सुंदर आहे. चौकट करून भिंतीवर लावा. पण याच्यावरून तुमचे वडील कामगार नव्हते असं सिद्ध होतं. आपुलकीने येणाऱ्याला भरपाई नसते."

मी म्हटलं, मस्टर बघा. त्याने चौकशी केली. मस्टरमध्ये नऊ नावं आहेत. अण्णांचं नाही. एकतीस वर्षं जो माणूस सगळ्यांची हजेरी मांडत होता त्याची हजेरी कुठंच नाही.

आता मला एकच सांग. हा मजकूर तुझा की वकिलाचा? उभ्या जन्मात मी तुझ्या तोंडून 'आपुलकी' हा शब्द ऐकलेला नाही. आपण एकमेकींच्या झिंज्या ओढून मोठ्या झालो, गं.

कागद मी परत उशीखाली ठेवलाय. त्यांना काही बोलले नाही.

खारू


२७ मार्च

प्रिय खारू,

वकिलाचा. बाकी सगळा वकिलाचा, 'वडिलांच्या जागी' तेवढं माझं.

आता सगळं सांगते, मग तू काय ते ठरव. आपल्या कायद्यात दहा हा आकडा आहे. कामाला नऊ माणसं असली तर धंदा लहान, कुणी फारसं विचारत नाही. दहावा आला की सगळ्या दहांना विमा, फंड, भरपगारी रजा. बाबांनी जन्मभर मस्टरवर नऊच ठेवले. दहावे काका. बाबा म्हणायचे, "घरच्या माणसाची हजेरी काय मांडायची?" आणि काकांना ते आवडायचं, खारू. तू तिथं नसायचीस, मी असायचे. नवा माणूस ठेवायची वेळ आली की ते स्वतःच म्हणायचे, "मी धरून दहा होतात, मला सोडून नऊ. मला सोडा." छाती पुढे काढून म्हणायचे. कुणी त्यांच्यावर जबरदस्ती केली नव्हती.

बाबा गेल्यावर लाँड्री माझ्या हातात आली तेव्हा मी हे बदलू शकले असते. चार वर्षं झाली. मनात यायचं, मग बॉयलरची नळी फुटायची, कधी हॉटेल पैसे थकवायचं, आणि ते राहायचं. आज करू, उद्या करू. आणि खरं सांगू, काका कधी इथून जातील असं मला वाटलंच नव्हतं.

वकील म्हणतो, दहावा सिद्ध झाला तर सगळ्या दहांचं मागच्या सगळ्या वर्षांचं दंडासकट भरावं लागेल. लाँड्री बसेल. मग मावशींचं काय? त्यांचा नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलाय. बॉयलरवाल्याच्या तीन मुली. नऊ घरांचं पोट या एका छपराखाली आहे. मी कात्रीत सापडलेय, खारू. काकांचं मी बघेन, जन्मभर बघेन, दरमहा माझ्या हाताने पाठवेन. फक्त ते कागदावर नको.

आणि एक गोष्ट ध्यानात घे. त्या कागदात मी एक अक्षरही खोटं लिहिलेलं नाही.

तुझी,
बटण


३ एप्रिल

बटण,

खरं आहे. एक अक्षर खोटं नाही.

तू पाठवशील, मला शंका नाही. पण तुला ताप आला, तुझं डोकं फिरलं, तुझं आमचं भांडण झालं तर अण्णांनी काय करायचं? तुझी मर्जी सांभाळत बसायचं? ते त्यांनी एकतीस वर्षं केलंय.

नऊ घरांची तुला काळजी आहे. त्या नऊ जणांनाही विमा नाही, फंड नाही, हे तूच तुझ्या हाताने लिहिलंयस. परत एकदा वाच.

मी दावा दाखल केलाय. सुनावणी ६ मे, सकाळी अकरा, तुमच्याच शहरातल्या कार्यालयात. यापुढे काही असेल तर वकिलातर्फे.

खारू


२० एप्रिल

खारू,

वकिलातर्फे लिहायला सांगितलंस, पण हे वकिलाला कळलं तर तो मला पत्रच लिहू देणार नाही.

पहिली गोष्ट. रोलरच्या तोंडाशी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. ती सहा आठवडे निघालेली होती. मी काढायला लावली होती. जाळीत चादर अडकायची, प्रत्येक वेळी मशीन थांबवायचं, हॉटेलचा माल उशिरा जायचा. काका मला चारपाचदा म्हणाले, "बटण, जाळी लावून घे गं." मी म्हटलं, "या आठवड्याचा माल जाऊ दे, काका." चार वेळा तरी मी 'या आठवड्याचा' म्हटलं असेन. म्हणून मावशींना त्यांनी रोलरपाशी उभं राहू दिलं नाही. स्वतः उभे राहिले. पहिल्या पत्रात मी तुला चादर दुमडली एवढंच लिहिलं होतं. तीन महिने हे मी लपवून ठेवलंय. तू मला शिव्या घाल.

दुसरी गोष्ट. मी माळ्यावरून सगळी जुनी मस्टरं उतरवली. एकतीस वह्या, सगळ्या काकांच्या अक्षरात. दोन दिवस बसून पान न् पान बघितलं. पहिल्या वहीत, पहिल्याच महिन्यात, सगळ्यात वर त्यांचं नाव आहे. अकरा दिवस हजेरी मांडलीय. बाराव्या दिवशी बाबांच्या हिरव्या शाईने नावावर रेघ मारलीय. त्यानंतर कुठंच नाही.

ती वही मी ६ तारखेला घेऊन येणार आहे. वकिलाला अजून सांगितलेलं नाही.

बटण


२८ एप्रिल

बटण,

जाळीचं वाचून मी पत्र टेबलावर ठेवलं आणि ड्यूटीवर निघून गेले. आठ तास दुसऱ्यांच्या जखमा बांधल्या. घरी आले तेव्हा अण्णा डाव्या हाताने चहा ओतत होते, अर्धा बशीत, अर्धा जमिनीवर. त्यांना विचारलं, जाळी नव्हती हे तुम्ही मला का नाही सांगितलं? म्हणाले, "पोरगी एकटी आहे, तिच्यामागे किती कामं! लागली असती जाळी आज ना उद्या."

तुला शिव्या घालायला मला शब्द सापडत नाहीत. सापडले की लिहीन.

पण त्याहून मोठी पंचाईत दुसरीच आहे. अण्णा दाव्याच्या विरुद्ध आहेत. सही त्यांनी केली, म्हणजे अंगठा उठवला, तो मी रडले म्हणून. आता म्हणतात, "साहेबांनी विचारलं तर मी नोकर होतो असं म्हणणार नाही. बटणच्या विरुद्ध मी उभा राहीन होय?" समजावून समजावून माझ्या नाकी नऊ आले. त्यांना वाटतं, आपण तुला भेटायला चाललोय. पांढरा सदरा काढून ठेवलाय. तो दोनदा इस्त्री करून घेतला, दोन्ही वेळा नाकं मुरडली. लाँड्रीतल्या माणसाला घरची इस्त्री पसंत पडेल तर शपथ.

साक्षीदार म्हणून मला बाहेर बसवणार आहेत, एकेकाला आत घेणार. आत ते एकटे असतील. तू असशील आणि तुझा वकील.

वही आण.

खारू


९ मे

खारू,

तू बाहेर बाकावर बसली होतीस आणि काका बाहेर आले ते तुझ्याकडे न बघता सरळ जिना उतरून गेले. तू माझ्याकडे बघितलंस आणि त्यांच्यामागे पळालीस. आत काय झालं ते तुला काकांनी सांगितलेलं नसणार. ते सांगायचे नाहीत. मला सांगायलाच हवं.

अधिकारी सर्दीने बेजार होता. समोर रुमालांचा ढीग. वही मी टेबलावर ठेवली तेव्हा माझ्या वकिलाने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याचा खिसा कापला. मग वही चाळली आणि त्याचा चेहरा खुलला. "साहेब, हे तर आमच्याच बाजूचं आहे. अकरा दिवस काम केलं, बाराव्या दिवशी नाव कमी झालं. म्हणजे नोकरी संपली." अधिकाऱ्याने मान हलवली. मी ज्याला पुरावा समजून आणलं तेच उलटं पडलं.

मग त्याने काकांना विचारलं, "तुम्ही यांच्याकडे नोकरीला होतात का?"

काका उभे राहिले. सदऱ्याची कॉलर एकदम ताठ होती. "नाही साहेब. नोकर बाकीचे. मी त्यांची हजेरी घ्यायचो. मी घरातला."

"पगार मिळायचा?"

"पगार नाही म्हणायचो आम्ही. मालक घरखर्चाला देत." आणि माझ्याकडे बघून हसले. शाळेत मी पाठांतराच्या स्पर्धेला उभी राहिले की मागच्या रांगेतून हसायचे ना, तसे.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "दावा करणाराच नाही म्हणतोय, तर मी काय करू?" वकील कागद गोळा करायला लागला. सुटले होते मी, खारू. लाँड्री वाचली होती. मला फक्त गप्प बसायचं होतं.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "साहेब, ते आमच्या घरातले नाहीत."

काका अजून हसत होते. त्यांना वाटलं मी काही गंमत करतेय.

"कशावरून म्हणता?" अधिकाऱ्याने विचारलं.

मग मी सांगत गेले. आमचं घर लाँड्रीच्या वर आहे, एकवीस पायऱ्या. एकतीस वर्षांत हे विसाव्या पायरीच्या वर आलेले नाहीत. चहा तिथंच मिळायचा, उभ्याने. आमच्या घरी कुणी जेवायला असलं तर यांना कधी बोलावलं नाही. बाबा गेले त्या दिवशी आईने निरोप पाठवला की दवाखान्याचा माल थांबवू नका, म्हणून बाबांना पोचवायला सगळं शहर गेलं आणि हे खाली चादरींना इस्त्री करत होते. आमचा सगळ्यांचा एकच मोठा फोटो आहे. फोटोग्राफरला मागे पडदा हवा होता, तर यांनी पांढरी चादर ताणून धरली. फोटोत यांची बोटं तेवढी आलीत, चादरीच्या कडेला.

हे सांगताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलू शकले नसते.

अधिकारी म्हणाला, "हे सगळं ठीक आहे, बाई. पण नोकर होते याचा काही आधार?"

"आजारी पडून घरी राहिले तर त्या दिवसाचे पैसे कापत होतो. तुझी आई गेली तेव्हा ते तीन दिवस आले नाहीत." माफ कर, असं मी म्हटलं नाही. मी म्हटलं, "यांची बायको गेली तेव्हा तीन दिवस आले नाहीत. ते तीन दिवसही कापले. बाबांच्या हिशेबाच्या डायरीत आहे. घरच्या माणसाचे असे कुणी कापतं का?"

ते त्याने लिहून घेतलं. मग मी जाळीचंही सांगितलं. वकील केव्हाच खाली बसला होता.

काकांचं हसू कधी गेलं ते मला कळलं नाही. ते खुर्चीची पाठ धरून उभे होते, डाव्या हाताने. उजवा हात त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातला होता. एवढंच म्हणाले, "बस गं आता. साहेबांना बरं नाहीये, किती बोलशील."

मी बरोबर केलं का ते मला माहीत नाही. तुला माहीत असेल तर कळव.

बटण


५ जून

बटण,

निकाल लागला. दावा मंजूर. भरपाई मिळेल, पुढे दरमहा मिळेल. तुझ्याकडच्या सगळ्यांची नावं चढवायची, मागचं सगळं हप्त्यांनी भरायचं, असा हुकूम आहे. तुझ्या वकिलाने कळवलं असेलच. हॉटेलने माल दुसरीकडे दिला असंही मावशींकडून कळलं, आणि तुझी आई तुझ्याशी बोलत नाही असंही. मला वाईट वाटलं. तुला विश्वास बसायचा नाही, पण वाटलं.

तू विचारलंस म्हणून सांगते, तू बरोबर केलंस. दुसरं कुणी हे केलं नसतं. मी तुझे उपकार मानते आणि तुझं तोंड बघावंसं मला वाटत नाही, दोन्ही एकाच वेळी. यातून काय मार्ग काढायचा ते मला कुणी शिकवलेलं नाही.

हाताची दुसरी शस्त्रक्रिया पंधरा दिवसांपूर्वी झाली. अण्णा बरे आहेत. जेवतात, फिरायला जातात. लाँड्रीचं नाव काढत नाहीत. परवा खाटेवरची चादर बदलताना मला तुझा कागद उशीखाली दिसला नाही. कुठं ठेवला ते मी विचारलं नाही.

तुझ्यावर रागावलेले नाहीत. मी तुला बोलायला लागले तर मला गप्प करतात. सुनावणीबद्दल आजवर एक अवाक्षर काढलं नव्हतं. काल संध्याकाळी मी पट्टी बांधत होते तेव्हा, हाताकडे बघतच, त्यांनी मला विचारलं, "बटणला हे सगळं आधीपासून दिसत होतं का गं? का वकिलाने शोधून दिलं?"

मी म्हटलं, विचारून सांगते.

काय सांगू?

खारू


११ जून

खारू,

वकिलाने शोधून दिलं असं सांगितलं तर त्यांना बरं वाटेल. चार दिवस मी हाच विचार करतेय. दोनदा तसं पत्र लिहूनही झालं.

माझा आठवा वाढदिवस तुला आठवतो का? तू नवा पिवळा फ्रॉक घालून काकांबरोबर आली होतीस. तुम्ही दोघं खाली खिडकीपाशी बसला होतात, वरून बोलावणं येईल म्हणून. वर पंचवीस मुलं होती. आईने मला सांगितलं, खाली जा आणि सांग की आज काही नाही, आईचं डोकं दुखतंय. मी खाली आले आणि सांगितलं. तुझा फ्रॉक मला दिसला. काकांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, "असं होय? मग आवाज नको." आणि त्यांनी एकेक करून सगळी मशीनं बंद करायला लावली, आईला झोप लागावी म्हणून.

मशीनं बंद झाली तेव्हा वरचं हसणं खाली स्पष्ट ऐकू यायला लागलं. तू वर बघितलंस. काकांनी बघितलं नाही. ते टॉवेल मोजत बसले. मी तिथं थोडा वेळ उभी राहिले आणि मग वर गेले.

त्यांना सांग, मला दिसत होतं.

बटण